पुलाच्या शेपटावर बसलेली माणसं

माझे वडील सांगवीच्या घाटावर नाव चालवत. अलीकडे आम्ही, पलीकडे औंध, मधे मुळा नदी. नाव चालवायचा ठेका दरसाल लिलावात मिळायचा आणि आबा तो कसाबसा टिकवून होते. आम्ही जातीचे भोई. पाण्यावर जगलेली माणसं.

नावेत आबांचा एकच कायदा होता. नाव काठाला लागून दोर बांधला जाईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. लोकांना घाई असते. काठ जवळ आला की उठतात, पाटी उचलतात, एका बाजूला सरकतात. तेवढ्यात नाव कलंडते. म्हणून कुणी उठलंच तर आबा ओरडत, "बसा खाली! नाव टेकेस्तोवर कुणी उठायचं न्हाई!" मग तो माणूस दूधवाला असो की गावचा पाटील. आवाज असा की पलीकडच्या काठावरच्या म्हशी माना वर करायच्या.

एका पावसाळ्यात पाणी चढलेलं असताना एक सरकारी अंमलदार नावेत बसले. नावेत बायका होत्या, दोघींच्या कडेवर पोरं होती. काठ चारपाच हातांवर असताना साहेब उठले. नाव झुकली. आबा ओरडले. साहेब बसले, नाव सावरली, सगळे सुखरूप उतरले. उतरल्यावर साहेबांनी घाटावर, सगळ्यांदेखत, आबांच्या थोबाडीत मारली. मी दोर धरून उभा होतो. पुढच्या लिलावात ठेका दुसऱ्याला गेला.

त्यानंतर आबा दापोडीकडच्या वीटभट्टीवर गारा तुडवायला जाऊ लागले. आई डोक्यावरून सरपण नेऊन खडकीच्या बाजारात बसायची. दोन्ही वेळा चूल पेटली तर तो सणाचा दिवस. पण मला त्याहून जास्त आठवतं ते वेगळंच. आबा ओरडायचे बंद झाले. घरातसुद्धा ते मोठ्याने बोलत नसत. भाकरी हवी असली तरी ताट थोडं पुढे सरकवायचे, बस.

मी शिकलो. खडकीच्या छावणीत एका मेसमध्ये ताटं घासायची, तिथेच जेवायचं आणि सकाळी पुण्याला कॉलेजात चालत जायचं. गणित घेऊन बी.ए. झालो. आमच्या घराण्यातच काय, आमच्या आळीत पहिली डिग्री माझी. मला तिचा अभिमान होता, आजही आहे, आणि तो मी लपवत नाही. अधिकारी व्हायला निवड मंडळापुढे गेलो होतो. प्रश्न समजत होते, पण इंग्रजीत उत्तर देताना जीभ अडली. परत पाठवलं. घरी थांबायची ऐपत नव्हती. जवान म्हणून इंजिनिअर पलटणीत भरती झालो. काही वर्षांत हवालदार झालो आणि मग मला स्कूलला पाठवण्यात आलं.

ही स्कूल काय होती ते सांगायला हवं. फौजेत एकीकडे जवान आणि हवालदार, दुसरीकडे कमिशन घेतलेले अधिकारी. या दोघांच्या मधे एक पायरी असते. हवाईदलात त्या पायरीवरच्या माणसाला वॉरंट ऑफिसर म्हणतात. आमच्याकडे पन्नासच्या दशकात त्याला जमादार म्हणत, पुढे त्याचं नायब सुभेदार झालं. अधिकारी बदलून जातात. जवानाला रोज दिसतो तो जमादार. हुकूम वरून येतो, पण तो माणसांपर्यंत कसा पोचवायचा हे जमादाराने ठरवायचं असतं. निवडक हवालदारांना त्या पायरीसाठी तयार करणारी ही शाळा. पास झालात तर बढतीच्या रांगेत. नापास झालात तर आरटीयू, म्हणजे रिटर्न टू युनिट. जसे आलात तसे परत. आणि एकदा परत गेलेल्याला सहसा दुसऱ्यांदा बोलावत नसत.

नशीब असं की स्कूलचं पूल बांधायचं मैदान पवनेच्या काठी, पिंपळे गुरवच्या बाजूला होतं. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा तिथे ज्वारीची शेतं होती. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती नुकत्याच वर येत होत्या.

पहाटे पीटी, मग ड्रिल, मग वर्ग, दुपारी नदीवर. आम्हाला सुभेदार गुरबचन सिंग साहेब शिकवत. उंच, रुंद, पांढरी दाढी, युद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले. पूल बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि ड्रिलमध्ये त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांनी स्कूलला एक रिवाज लावला होता. कामावर वरिष्ठ अधिकारी आले की सुभेदार साहेब 'सावधान' देणार. ज्याच्या हातात ओझं आहे त्याने हलायचं नाही. ज्याचे हात रिकामे त्याने ताबडतोब जमिनीवर उतरून, तिथेच, सावधान. चांगला रिवाज होता. ओझं पडत नसे आणि शिस्तही राहायची.

माझा जोडीदार हवालदार बापू सणस. मावळातला, चौथी शिकलेला, हाताने सोनं करणारा आणि तोंडाने फाटका. पहिल्याच दिवशी त्याने माझं नाव बी.ए. ठेवलं.

"बी.ए. म्हंजी काय रं?"

"बॅचलर ऑफ आर्ट्स."

"न्हाई. बी.ए. म्हंजी बिनअकली. अक्कल असती तर मास्तर झाला असतास, हितं चिखलात कशाला आला असतास?"

मी त्याला रात्री गणित शिकवायचो आणि तो मला गाठी शिकवायचा. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. "जमादार झालो तर फ्यामिली क्वार्टर मिळतंय," तो म्हणायचा. "न्हाई तर बायकू मावळात आन् मी हितं. आमी काय एकमेकास्नी लांबनं आरसा चमकवून संसार करायचा?"

शेवटची परीक्षा पुलाची होती. प्रत्येक हवालदाराने एक दिवस तुकडीची कमान, म्हणजे हुकमत, घ्यायची आणि पूल पलीकडे न्यायचा. माझी पाळी सगळ्यांत शेवटी होती आणि त्या दिवशी ब्रिगेडिअर साहेब पाहणीला येणार होते, दुपारी जेवणानंतर. आम्ही सकाळी सुरू केलं.

बेली पूल कसा टाकतात ते थोडक्यात सांगतो. लोखंडी चौकटी पिनांनी जोडायच्या आणि सगळा सांगाडा काठावरच्या रोलरांवर ठेवून पुढे ढकलायचा. पुढचं टोक हलकं, त्याला आम्ही नोज म्हणत असू. ते हवेत तरंगत पलीकडे जातं. मागचं शेपूट जड ठेवायचं, म्हणजे नोज पाण्यात जात नाही. नोज पलीकडच्या रोलरांवर टेकलं की जिंकलात. ते टेकेपर्यंत सगळा पूल एका काठावरच्या तोलावर उभा असतो. परीक्षेत सामान मुद्दाम कमी देत. शेपटाला चौकटी पुरत नाहीत, मग काय करणार हे बघायला. मी हिशोब केला आणि शेपटाच्या टोकावर दहा माणसं बसवली. सुभेदार साहेबांनी पाहिलं आणि पुढे गेले. म्हणजे बरोबर होतं.

पलीकडच्या काठावर बापू तीन माणसं घेऊन रोलर लावायला गेला होता. आम्ही पूल ढकलत आणला. नोज त्याच्या डोक्याच्या वर पोचलं. हातभर उरलं असताना पलीकडून त्याची शिट्टी आली. थांबा.

"काय झालं?" मी ओरडलो.

"रोलरखालचा सोट घसरला! चिखल हाय! धर तसाच, मी आत जातो!"

"बापू, थांब, मागे घेतो!"

"मागं घेऊ नगंस, तवर आणखी घसरंल! धर म्हणतो ना!"

तो नोजखाली शिरला. कमरेपर्यंत पाण्यात, खांदा रोलरच्या लाकडी सोटाला लावून. वर लोखंड. मी ढकलणाऱ्यांना जागच्या जागी थांबवलं. हात लोखंडावर, कुणी हलायचं नाही. शेपटावरच्या दहाजणांकडे पाहिलं. ते बसलेले होते. सगळं ठीक होतं.

तेव्हाच जीप आली. ब्रिगेडिअर साहेब दुपारी यायचे ते सकाळीच आले होते. मी नदीकडे तोंड करून उभा होतो, मला जीप दिसलीच नाही. माझ्या मागून सुभेदार साहेबांचा आवाज आला.

"टुकडी... सावधान!"

ढकलणारे हलले नाहीत. त्यांचे हात लोखंडावर होते. शेपटावर बसलेल्यांचे हात रिकामे होते. महिनोन् महिने जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. पहिले दोघं जमिनीवर उडी मारून ताठ उभे राहिले. तिसऱ्याचा एक पाय खाली आला होता. त्या दहाजणांत कुणी मूर्ख नव्हता. सगळे वर्षानुवर्षे नोकरी केलेले हवालदार होते. पण ते स्वतःच ओझं आहेत हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण ओझं हातात नव्हतं.

लोखंड कुरकुरलं. तो आवाज मला आजही ओळखता येईल. शेपूट वीतभर वर उचललं गेलं. मी समोर पाहिलं. नोज खाली झुकत होतं आणि त्याखाली बापूची पाठ होती.

इथे मला खरं सांगायला हवं की त्या क्षणी मला विचार सुचला. लोक म्हणतात असं काही घडताना विचार येत नाही. मला आला. मागे ब्रिगेडिअर उभे आहेत. सुभेदार साहेबांनी हुकूम दिलाय. त्यावर माझा हुकूम चढवला तर मी आरटीयू. आणि घाटावर उभे असलेले आबा दिसले, गाल धरून.

मग मी ओरडलो.

"बसा खाली! नाव टेकेस्तोवर कुणी उठायचं न्हाई!"

पूल म्हणायचं होतं, नाव म्हणालो. आवाजही माझा नव्हता. तिसऱ्याचा पाय अधांतरी थांबला.

"कौन बोला?" सुभेदार साहेब मागून गरजले. "सावधान में कौन बोला?"

मी वळलो नाही. धावलो आणि शेपटाच्या टोकाला दोन्ही हातांनी लटकलो. "बसा म्हणतो ना! सगळे बसा! खाली उतरलेल्यांनी लटका!"

तिसरा पुन्हा बसला. उतरलेल्या दोघांनी माझ्या शेजारी उड्या घेतल्या. शेपूट खाली आलं, सावकाश, आमच्या पायांना पुन्हा माती लागेपर्यंत. पलीकडे नोज उचललं गेलं.

"बापू!"

पलीकडे नुसतं गढूळ पाणी दिसत होतं.

"बापू, अरे बोल!"

मग पलीकडून, चिखलाने भरलेल्या तोंडाने: "बी.ए.! मला हितंच पुरतोस व्हय रं?"

शेपटावर कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. दहा हवालदार आणि लटकलेले आम्ही, ब्रिगेडिअरसमोर, वेड लागल्यासारखे. मी हसत होतो आणि शेपूट सोडत नव्हतो. टोपी कुठे पडली ते माहीत नव्हतं. सलाम करायला हात मोकळा नव्हता.

ब्रिगेडिअर साहेब जीपजवळच थांबले होते. एक पाऊलही पुढे आले नव्हते. त्यांनी विचारलं, "यहाँ कमान किसकी है?"

मी तोंड उघडायच्या आत सुभेदार साहेब बोलले. दाढीपर्यंत लाल झाले होते, पण आवाज ड्रिलचाच.

"हवालदार भोई की, साहब। आदमी मेरे हुकुम से उठे, साहब। ग़लत हुकुम था। इसने रोका।"

एवढं बोलून त्यांनी सलाम केला, शेपटाकडे आले आणि चढून त्या दहाजणांत बसले. दाढीवाले, छातीवर मेडलं लावलेले सुभेदार साहेब, पोरांमधे मांडी घालून. ते एकटेच दोन माणसांच्या वजनाचे होते. मला म्हणाले, "क्या देखता है? पूल पूरा कर।"

बापूने सोट पक्का केला, बाहेर आला, हात वर केला. मी ढकलायचा इशारा दिला. नोज पुढे सरकलं आणि रोलरांवर टेकलं. ठण्ण असा आवाज झाला. तोवर कुणी उठलं नाही. ब्रिगेडिअर साहेबसुद्धा जागचे हलले नाहीत. पूल टेकल्यावर मी टोपी शोधली, घातली, आणि सावधान दिलं. आता दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला चीफ इन्स्ट्रक्टर साहेबांसमोर मार्च करून नेलं. बेल्ट काढायला लावला नाही, तेव्हाच अर्धा जीव परत आला. बेल्ट काढायला लावतात तो आरोपी असतो.

साहेब म्हणाले, "सावधानच्या हुकमावर हुकूम चढवलास. का?"

"साहेब, माणूस खाली होता."

"दुसरं कारण?"

"दुसरं कारण नाही, साहेब."

त्यांनी सुभेदार साहेबांकडे पाहिलं. सुभेदार साहेब समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "साहब, सावधान का हुकुम आदमी को होता है, बोझ को नहीं। ये बात इसको मालूम थी। मुझको सीखनी पड़ी।"

"पास," चीफ इन्स्ट्रक्टर म्हणाले. "बाहेर जा."

मी बाहेर आलो आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. बापू तिथेच घुटमळत होता.

"काय झालं? आरटीयू?"

"पास."

"आन् मी?"

"तुझं मला काय माहीत? तू पुलाखाली काय केलंस ते त्यांना दिसलं असेल."

"तुझी नाव टेकली म्हणायची," तो म्हणाला. मग हळूच, "कुठली नाव रं? मी पाण्यात, वर लोखंड, आन् ह्यो वरडतोय नाव, नाव."

मी त्याला आबांचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. त्याने थट्टा केली नाही. तासाभराने निकाल लागला, त्यात तोही पास होता. त्याने मला खांद्यावर उचलून मेसपर्यंत नेलं आणि दारात टाकून दिलं.

त्या आठवड्यापासून स्कूलमध्ये रिवाजाला एक जोड मिळाली. पूल ढकलताना शेपटावर बसणाऱ्यांच्या डाव्या दंडाला लाल पट्टी बांधायची. लाल पट्टीवाला कुणासाठीही उठणार नाही, कमान असलेल्याच्या हुकमाशिवाय. जनरल आले तरी. पहिल्या दिवशी त्या पट्ट्या सुभेदार साहेबांनी स्वतःच्या हाताने बांधल्या.

मला एका दिवसाची सुट्टी मिळाली. मी चालत सांगवीला गेलो. आबा भट्टीवरून नुकतेच आले होते, पाय धूत होते. मी झालेलं सांगितलं. साहेब आले, मी ओरडलो, काय ओरडलो ते.

आबांनी पाय धुणं थांबवलं. हळू आवाजात विचारलं, "मग? नोकरी गेली?"

"नाही, आबा. पास झालो. आता बढती मिळणार."

"त्या सायबानं मारलं न्हाई?"

"नाही."

"हात न्हाई उगारला?"

"नाही, आबा. सुभेदार साहेब स्वतः येऊन शेपटावर बसले."

आबांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर ओतलं. मग त्यांनी मान वर केली आणि घरात आई होती तिला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "अगं ए, ऐकलंस का? चहा टाक! गुळाचा न्हाई, साखरेचा टाक!"

आई दारात धावत आली. तिला वाटलं आग लागली.

आम्ही दोघं थोड्याच दिवसांच्या अंतराने जमादार झालो. बापूला क्वार्टर मिळालं आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली, मुक्ता. मी तिच्या बारशाला गेलो होतो. बापू पाळण्याचा दोर ओढत म्हणाला, "ही पोरगी निम्मी तुझी हाय, बी.ए. हिला गणित तू शिकवायचं."

ते दशक संपता संपता बापूची तुकडी ईशान्येच्या डोंगरात होती. पुराने रस्ता तुटला, पलीकडे आपली चौकी अडकली, तिथे जखमी होते. बापूने दोर घेऊन नदी ओलांडली. पूल टाकला. जखमी अलीकडे आणले. सामान परत आणताना वरून दरड आली. पुलावर त्याची तीन माणसं होती. त्यांना त्याने ओरडून पुढे पळवलं. ती वाचली. तो मागे होता. हे मला त्या तिघांपैकी नायक हुद्द्याच्या एका जवानाने सांगितलं. बापू काय ओरडला ते त्याला आठवत नव्हतं. मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

सुभेदार गुरबचन सिंग साहेब आपल्या गावी, आपल्या खाटेवर, म्हातारे होऊन गेले. आबा माझ्या पेन्शनीपर्यंत जगले आणि शेवटपर्यंत मोठ्याने बोलले. मुक्ता आता पिंपळे गुरवात राहते. तिला गणित मी शिकवलं. ती शाळेत गणित शिकवते. जिथे आमचे रोलर लागले होते त्या बाजूला आता इमारती आहेत, तिच्या गच्चीवरून नदी दिसते. आम्ही दोघं कधीकधी तिथे चहा घेतो. त्या सकाळी मी गप्प राहिलो असतो तर ही बाई जगात आली नसती, हे मला तिथे बसलो की आठवतं आणि बरं वाटतं.

बापूच्या गावात, मावळात, शाळेच्या आवारात एक दगड उभा केला आहे. त्यावर त्याचं नाव आहे आणि नावाआधी हुद्दा आहे. जमादार बापू सणस. तो हुद्दा आम्ही दोघांनी एकाच नदीवर, एकाच सकाळी कमावला. तो पुलाखालून, मी पुलाच्या शेपटाला लटकून.